फुसाएचा डूख

फुसाए विसरत नाही. तिच्याबद्दल आधी हे एवढं सांगायला हवं, बाकीचं सगळं मागून. बाजारातल्या एका मासेवाल्यानं तिला एकदा शिळे बांगडे ताजे म्हणून बांधून दिले होते. ती भांडली नाही. त्यानंतर दर रविवारी ती त्याच्या दुकानासमोर थांबायची, एकेक मासा निरखून बघायची, नाक मुरडायची आणि शेजारच्या दुकानातून घ्यायची. शेवटी त्या बिचाऱ्यानं कमरेत वाकून माफी मागितली, वर एक मोठा मासा तसाच देऊ केला. हिनं तो हुंगला आणि परत ठेवला. पुढच्या रविवारी पुन्हा हजर!

लोक म्हणतात, माणसानं एवढं मनात धरू नये. म्हणोत बापडे. त्यांचं काय जातं? मी कुमामोतोबाहेरच्या कारखान्यातल्या बायकांच्या वसतिगृहात जन्मभर भात रांधला. किती मुली आल्या, जेवल्या, लग्न करून गेल्या. त्यांतली मनापासून आवडलेली कोण, असं विचाराल तर ही डूख धरणारी फुसाए.

ती आमाकुसा बेटावरची. बाप जाळी विणायचा. कोवळ्या वयात रेशमाच्या गिरणीत लागली, ती गिरणी बुडाली. लग्न केलं, तर नवरा दुसरीबरोबर ओसाकाला पळाला. काही वर्षांनी तो तोंड वर करून परत आला तेव्हा हिनं दार उघडलं, रीतसर वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "कोण हवंय आपल्याला?" तो बघतच राहिला. हिनं शेजारणीला हाक मारली, "अहो, हे गृहस्थ पत्ता चुकलेत. जरा यांना स्टेशनची वाट दाखवा!" मग ती आमच्या कारखान्यात आली. तेव्हा नुकतीच खिशात मावणारी हिशेबाची यंत्रं निघाली होती, त्यांच्या पोटातले नखाएवढे तुकडे आमच्याकडे बनत. फुसाए भट्टीवर होती. वयानं थोरली म्हणून सगळ्या तिला ताई म्हणायच्या, आणि घाबरायच्याही.

एका वसंतात ती गावाहून चिझुरूला घेऊन आली. चिझुरूची आई किकुए विधवा होती, किनाऱ्यावरच्या खडकांवरून शेवाळ काढून वाळवून विकायची. एकुलत्या एका पोरीला बेटाबाहेर सोडायला ती मुळीच तयार नव्हती.

"फुसाए, गरीब आहोत, पण आजवर आमच्या घराला कुणी नाव ठेवलेलं नाही," ती म्हणाली होती.

"मी आहे ना, काकू," फुसाएनं सांगितलं होतं. "तिच्या नावाला बट्टा लागला तर मला दारात उभं करू नका."

चिझुरू म्हणजे नुसता चिवचिवाट. आली त्या दिवशीच माझ्या स्वयंपाकघरात शिरून मोहरी भरलेली कमळकाकडी कापून बसली, निम्मी स्वतःच खाल्ली. एकदा जेवण झाल्यावर मी सहज म्हटलं, "अगं, दिवसभर त्या भट्टीत भाजता तरी काय? रताळी?"

"थांबा मावशी, दाखवते," म्हणून तिनं सगळ्यांना उठवलं, भोजनगृहात जवळजवळ उभं केलं आणि एकमेकींचे हात धरायला लावले. "सिलिकॉनच्या प्रत्येक कणाला चार हात आहेत असं समजा. चार बाजूंना चार शेजारणी, प्रत्येकीचा एकेक हात घट्ट धरलेला. आता सांगा, यातून इकडची वस्तू तिकडे कोण नेईल?"

"कुणी नाही. हात कुठे मोकळा आहे?"

"तेच तर! शुद्ध सिलिकॉन हे असं. वीज त्यातून जवळजवळ जातच नाही. तापवलं तर एखादीचा हात सुटतो, तेवढीच काय ती ये-जा."

"मग मरमर करून ते एवढं शुद्ध करायचं कशाला? वीज जायलाच हवी आहे ना?"

"शुद्ध करायचं, कारण मग त्यात काय मिसळायचं ते आपण ठरवायचं! लाखो कणांत एखादा फॉस्फरसचा. त्याला पाच हात. चार शेजाऱ्यांना दिले, पाचवा उरला. म्हणजे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा झाला, तो मोकाट फिरतो आणि वीज नेतो. किंवा बोरॉनचा कण. तो तीन हातांचा, म्हणजे एक जागा रिकामीच राहते. बसा गं सगळ्या त्या बाकावर!"

बाक भरला. तिनं मधल्या एकीला उठवलं आणि सांगितलं, "आता डावीकडच्या उजवीकडे सरका, एकेक करून." एक सरकली, तिची जागा रिकामी झाली, ती पुढचीनं भरली, मग तिची रिकामी झाली. बघता बघता रिकामी जागा बाकाच्या टोकाला पोचली.

"पाहिलंत मावशी? बायका इकडे सरकल्या, भोक तिकडे गेलं. वीज अशीही जाते!"

टोकाला बसलेली तोशिए धपकन खाली पडली आणि सगळ्या खो-खो हसल्या. मी विचारलं, "आणि दोन्ही एकाच ठिकाणी पडले तर? तो पाच हातांचा आणि तीन हातांचा?"

"मग काय, एकानं खड्डा खणायचा, दुसऱ्यानं बुजवायचा. सगळं मुसळ केरात! म्हणून तर भट्ट्या वेगळ्या. सिलिकॉनच्या चकत्या ज्या काचेच्या होडीत उभ्या करून भट्टीत सारतो ना, त्या होड्याही वेगळ्या. लाल खुणेची बोरॉनची, निळी फॉस्फरसची. निळी होडी लाल भट्टीत गेली तर साहेब मला कच्ची खातील."

हे तिचं बोलणं मी शब्दन् शब्द का सांगते आहे? पुढं त्याच पोरीला सगळ्यांसमोर उभं करून सांगितलं गेलं की तिला लाल आणि निळ्यातला फरक कळत नाही, म्हणून.

सांगणारा इनोकुमा. भट्टी विभागाचा प्रमुख. तुळतुळीत भांग, पुढं जायची भारी घाई. शिकवायचा मात्र छान, हे कबूल करायला हवं. मुलींना हे चार हात-पाच हात त्यानंच शिकवलं होतं. हिवाळ्याच्या तोंडाशी मोठी मागणी आली आणि नेमकी लाल होडी तडकली. दुसरी यायला वेळ होता. इनोकुमा चिझुरूला म्हणाला, "निळी घे. आम्लात धू आणि घाल."

"पण साहेब, काचेतच फॉस्फरस मुरलेला असतो. भट्टीत तापला की बाहेर येतो. तुम्हीच सांगितलं होतं."

"सांगणारा मी, ऐकणारी तू. घाल म्हणतो ना!"

फुसाए शेजारच्या भट्टीवर होती. तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. "साहेब, ती बरोबर बोलते आहे," असं तिनं म्हटलंही. त्यानं हात झटकला. चिझुरूनं होडी घातली.

व्हायचं तेच झालं. बोरॉननं खणलेले खड्डे फॉस्फरसनं बुजवले. ती खेप तर गेलीच, पण भट्टीच्या नळीलाही फॉस्फरस चिकटला. नंतरच्या कितीतरी खेपा तशाच बिघडत गेल्या, आणि कारण सापडेपर्यंत मागणी हातची गेली. मग सकाळच्या सभेत इनोकुमा पुढं आला. "कामावर लक्ष नसलेल्या एका मुलीनं होड्यांची अदलाबदल केली," असं म्हणाला आणि चिझुरूला पुढं बोलावून सगळ्यांसमोर वाकायला लावलं. साहेब सगळ्यांदेखत बोलत असताना त्यांना खोटं पाडायचं नाही, असं आमच्याकडं मुलींना लहानपणापासून शिकवतात. आग लागो त्या शिकवणीला. पोर वाकली ती वाकूनच राहिली, तिला उठवायला फुसाएला जावं लागलं.

फुसाए त्याच पावली कारखान्याच्या मुख्य साहेबांकडे गेली आणि ऐकलं ते सांगितलं. त्यांनी इनोकुमाला बोलावलं. तो हसला. "दोघी एकाच गावच्या आहेत, साहेब. ती पाठीशी घालणारच." झालं. चिझुरूला घरी पाठवलं.

गावात बातमी तिच्या आधी पोचली होती. ठरत आलेली सोयरीक मोडली. "कंपनी बुडवून आली," असं बायका विहिरीवर बोलायच्या. वसंत लागता लागता ती आईबरोबर शेवाळ काढायला खडकांवर गेली आणि लाटेनं तिला नेलं. पाय घसरला की तिनं घसरू दिला, ते कुणी पाहिलं नाही.

अंत्यविधीला मी गेले, फुसाए गेली आणि कंपनीतर्फे इनोकुमा आला. किकुए रडत नव्हती. त्याच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "साहेब, पोर शेवटपर्यंत एवढंच म्हणत होती की मला सांगितलं तसं मी केलं. तिला कुणी सांगितलं होतं?"

इनोकुमानं चटईकडे बघत उत्तर दिलं, "मला काही कल्पना नाही."

निघताना प्रत्येकाला मिठाची कागदी पुडी मिळाली. मृत्यूच्या घरून आलं की आपल्या घरात शिरण्याआधी ते अंगावर शिंपडतात, म्हणजे मेलेलं माणूस मागं लागत नाही. आम्ही सगळ्यांनी पुडी पिशवीत टाकली. या पठ्ठ्यानं रस्त्यातच फोडली, खांद्यांवर, छातीवर, पाठीवर, बुटांवरसुद्धा टाकली. मग माझ्याजवळ आला, चेहरा पांढराफटक. "मावशी, तुमची पुडी द्या ना मला." मी दिली. फुसाए ते बघत होती.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला टेकून बसली. मग म्हणाली, "काकूंनी विचारलं तेव्हा 'मी' एवढा एकच शब्द त्यानं काढायला हवा होता. तो मी काढून घेणार आहे मावशी. चारचौघांत, काकूंच्या देखत. त्याशिवाय मला त्या घरी जायला तोंड नाही."

"कसा काढणार?"

"तो घाबरलाय," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर मासे निरखतानाचा भाव होता.

दुसऱ्या दिवसापासून तिनं सुरुवात केली. काही विशेष नाही हो. चिझुरू ज्या लाल भट्टीपाशी उभी राहायची, तिथं जाऊन वाकायचं आणि "आलीस का? बरं झालं," एवढं म्हणायचं. मग स्वतःच्या कामाला लागायचं. इनोकुमा मागून येऊन खेकसला, "कुणाशी बोलता?"

"भट्टीशी, साहेब. आज गार वाटतेय."

भट्टी आणि गार! त्याच आठवड्यात नेमकी लाल भट्टीची तापायची तार तुटली आणि ती खरोखरच गार पडली. तार जुनी झाली होती, कधी ना कधी तुटणारच होती. पण इनोकुमाच्या तोंडचं पाणी पळालं. तो देवळातून ताईत घेऊन आला. फुसाएनं विचारलं, "साहेब, घरी सगळं ठीक ना?" तो दचकला. तिनं बास एवढंच विचारलं.

आणि मग उत्पादन घसरायला लागलं. तेही चमत्कारिक तऱ्हेनं. तयार तुकडे तपासणीत उत्तम उतरायचे. तेच तुकडे तापवून, वीज लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासले की बिघडलेले! काल धडधाकट, आज गेलेले. मुलीसुद्धा कुजबुजायला लागल्या. तोशिएनं तर माझ्याकडे येऊन विचारलं, "मावशी, चिझुरू रागावली असेल का हो?"

"रागावली असेल तर बरोबरच आहे तिचं," मी म्हटलं. "तू जेव."

फुसाएनं मात्र भूत-बित मानलं नाही. एक दिवस ती भट्टीमागं पुसायला वाकली तर कोपऱ्यात काहीतरी चमकलं. बोटावर घेऊन जिभेला लावलं. मीठ. जाडं, समुद्राचं. मग तिनं पाळत ठेवली. सकाळची कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी इनोकुमा एकटा आत यायचा, पांढऱ्या झग्याच्या आतल्या खिशातून चिमूट काढायचा आणि भट्टीमागं, चिझुरूच्या जागेवर, उंबऱ्यावर टाकायचा.

ती धावत माझ्याकडे आली. मी लोणचं दाबायला त्यावर दगड ठेवत होते. तिला हसू आवरेना. असं हसताना तिला मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"मावशी, मीठ! ज्या माणसानं आम्हाला शिकवलं की हाताला घाम असेल तर चकतीजवळ जायचं नाही, तो स्वतः मीठ उधळतोय!"

"मिठानं काय होतं?"

"सगळं होतं. बोरॉन, फॉस्फरस आपण मोजून, ठरलेल्या जागी घालतो. ते तिथंच घट्ट बसतात. मीठ तसं नाही. चकतीवर काचेची पातळ साय असते ना, त्यात मिठातला सोडियम शिरतो आणि गरम झालं, वीज लागली की आतल्या आत भटकत राहतो. म्हणून आज चांगलं, उद्या वाईट. चिमटीतल्या चिमटीचाही अंश पुरतो. आणि गंमत बघा, तुकडे बिघडले की याला वाटतं चिझुरू आली. मग हा आणखी मीठ टाकतो, मग आणखी बिघडतात!"

"मग जा ना, सांग वर जाऊन!"

हसू थांबलं. "सांगितलं तर काय होईल? मीठ टाकल्याबद्दल बोलणी बसतील, मान खाली घालून ऐकून घेईल. होडीचं काय? चिझुरूचं काय? नाही मावशी. मिठाचं मला सोयरसुतक नाही. मला त्याच्या तोंडून तो एक शब्द हवा आहे. तोपर्यंत टाकू दे. मी तर वाढवायला लावते."

आणि लावलंही. "साहेब, आज उंबऱ्यापाशी ओलसर वाटलं. समुद्राचं पाणी सांडल्यासारखं," असं काहीतरी ती अधूनमधून सहज सोडून द्यायची. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर मीठ दुप्पट. इनोकुमा वाळला. भांग विस्कटला. माझ्याकडे मागच्या दारानं येऊन, "मावशी, जाडं मीठ असेल का वाटीभर? बायकोला हवंय," म्हणाला. मी वाटी शिगोशीग भरून दिली. का नाही देणार? मीठच मागत होता.

उन्हाळ्यात टोकियोहून तपासनीस आले. त्यांनी पाणी तपासलं, आम्लं तपासली, बिघडलेल्या चकत्या तपासल्या आणि सोडियम आहे म्हणून सांगितलं. मग ते कुठून आलं याचा शोध. कुठं घेतला असेल? माझ्या स्वयंपाकघरात! बायका खारट खातात, बायकांना घाम येतो, म्हणून माझी मोहरीच्या पाल्याच्या लोणच्याची बरणी उचलून नेली, उमे नावाची आंबट फळं मी खारवून ठेवते, ती बंद केली. मिसोचं सार पातळ करायला सांगितलं. मी म्हटलं, "तुमच्या टोकियोच्या बायकांना घाम येत नाही का हो?" त्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं.

इनोकुमाला तर आयता रस्ता सापडला. "किनाऱ्याकडच्या मुलींचे हात फार घामट असतात," असं त्यानं मुख्य साहेबांना पटवलं. ठरलं की ओबोनची सुट्टी लागायच्या दिवशी भट्टी विभागातल्या सगळ्यांचे हात तपासायचे आणि घामट हातांच्यांना सुट्टीनंतर येऊ नका म्हणून सांगायचं. तोशिएचं नाव तर तो आधीच घेऊन मोकळा झाला होता. तिच्या तळहातांना लहानपणापासून घाम सुटायचा. ती माझ्या चुलीपाशी बसून रडली.

"पुन्हा तेच करतोय," फुसाए म्हणाली. "चूक याची, भोगायचं दुसऱ्याच्या पोरीनं. बास झालं आता."

ती एक दिवसाची रजा टाकून आमाकुसाला जाऊन आली.

ओबोन म्हणजे गेलेली माणसं घरी येतात तो सण. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलेलं असतं, त्यांचा पहिला ओबोन जड जातो. इनोकुमाला हे काय कुणी शिकवायला हवं होतं? त्या सकाळी त्यानं चहाला हातसुद्धा लावला नाही. सभा आमच्या भोजनगृहात भरली. मुली पांढरे झगे, टोप्या, तोंडावर पट्ट्या लावून रांगांत उभ्या, नुसते डोळे दिसत होते. टोकियोचे तपासनीस आणि मुख्य साहेब समोर खुर्च्यांवर. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत, जिथून ताटं देते तिथं.

इनोकुमा एकेकीपुढं थांबत, तळहात उलटेसुलटे करत चालला. तोशिएपाशी आला. "हे बघा," असं त्यानं मोठ्यानं म्हटलं आणि तिचे ओले हात साहेबांना दिसतील असे वर धरले. तोशिएनं मान खाली घातली. फुसाए मागच्या रांगेत होती, हलली नाही.

तोशिएच्या पलीकडे चिझुरूची जुनी जागा होती. तिथं कुणीतरी उभं होतं. इनोकुमानं खाली बघतच ते हात धरले. थंडगार, पाण्यात राहून राहून सुरकुतलेले. आपल्या मुलींचे हात तसे नसतात. त्यानं नजर वर नेली. झग्याच्या छातीवर निळ्या दोऱ्यानं 'चिझुरू' असं नाव शिवलेलं होतं. तिला हाकललं तेव्हा तो झगा परत मागायचं कुणालाच सुचलं नव्हतं. आणि पट्टीच्या वर चिझुरूचेच डोळे, ते हुबेहूब डोळे, त्याच्याकडे बघत होते.

इनोकुमाच्या हातून ते हात सुटले. तो मागं सरकला, झग्यात हात घातला आणि मूठ भरभरून मीठ तिच्या अंगावर फेकायला लागला. तोंडावर, छातीवर, जमिनीवर. "जा! जा इथून! मला माहीत होतं तू आहेस, रोज टाकतोय तरी जात नाहीस!"

भोजनगृहात मिठाचे खडे उडाल्याचा आवाज तेवढा येत होता. टोकियोचा सगळ्यात वयस्क तपासनीस उठला, जमिनीवरचा एक खडा उचलून जिभेवर ठेवला. "रोज? कुठं टाकता रोज?"

"भट्टीमागं," इनोकुमा म्हणाला. "फक्त चिमूटभर... उंबऱ्यावर..."

वयस्क माणूस मटकन खुर्चीत बसला. मुख्य साहेबांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार इतक्यात त्या पांढऱ्या झग्यातल्या बाईनं टोपी काढली, पट्टी खाली ओढली. पिकलेले केस आणि उन्हानं रापलेला चेहरा. किकुए. डोळे लेकीनं आईचेच घेतले होते.

"मी जिवंत आहे साहेब," ती म्हणाली. "तुम्हाला एकदा विचारलं होतं. आज परत विचारायला आले. निळी होडी लाल भट्टीत घालायला माझ्या मुलीला कुणी सांगितलं होतं?"

 इनोकुमा जमिनीवर, त्या मिठातच, बसला. मुख्य साहेब म्हणाले, "बाई, हे घरचं प्रकरण आपण आत बसून..." किकुएनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी," इनोकुमा म्हणाला.

तो शब्द इतका बारीक निघाला की पहिल्या रांगेलाच काय तो कळला असेल. मला वाटलं, झालं, मिळालं. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात मागच्या रांगेतून फुसाएचा आवाज आला, अगदी अदबीचा.

"मागं ऐकू आलं नाही, साहेब."

इनोकुमानं मान वर केली. "मी सांगितलं. तिनं नको म्हटलं होतं. तुम्हीच शिकवलंत म्हणाली. तरी मी घालायला लावलं."

"मलापण ऐकू आलं नाही," तोशिए म्हणाली. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर होती.

त्यानं पुन्हा सांगितलं. मग तिसरी म्हणाली, ऐकू आलं नाही. मग चौथी. प्रत्येक वेळी तो सांगायचा, आणि प्रत्येक वेळी थोडं जास्त सांगायचा. सभेत तिला खोटं वाकायला लावलं. मुख्य साहेबांना खोटं सांगितलं. तिच्या घरी, तिच्या आईच्या समोर बसून खोटं सांगितलं. मी खिडकीतून डाव आपटला आणि ओरडले, "स्वयंपाकघरात काही ऐकू आलं नाही हं!" मुख्य साहेबांनी दोनदा "पुरे" म्हटलं, कुणी हललं नाही. ज्यांना भट्टीवर जायचं होतं त्याही उभ्या राहिल्या. रांगा संपल्या तेव्हा त्याचा आवाज पार बसला होता.

मुख्य साहेब फुसाएपाशी गेले आणि पहिल्यांदाच तिच्याशी हळू बोलले. "आता तरी ऐकू आलं ना तुम्हाला?"

फुसाएनं किकुएकडे बघितलं. किकुए तिथंच उभी होती, हनुवटी थरथरत होती, गालांवरून पाणी वाहत होतं.

"मला अजून नाही आलं," ती म्हणाली.

इनोकुमानं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.